गवतातली बाटली

अमरावतीच्या मोरोपंत वकिलांना कुणाचा हेवा वाटत नसे. हे ते स्वतःच सांगत, आणि कुणी विचारले नसताना सांगत. "मला हरिहरचा हेवा कशाला वाटेल?" हा प्रश्न त्यांनी चोवीस वर्षांच्या संसारात प्रमोदिनीबाईंना इतक्या वेळा घातला होता की त्या आता मान वर न करता "कशालाच नाही" म्हणत आणि तुरीची पुढची शेंग सोलायला घेत.

हरिहर म्हणजे अकोल्याचे हरिहर वकील. दोघे नागपूरला लॉ कॉलेजात एका वर्गात होते आणि एका खोलीत राहत. तिसरी खाट तेल्हाऱ्याच्या देवीदासची होती. देवीदासच्या घरी काळी जमीन भरपूर, त्यामुळे कायद्याच्या पहिल्या परीक्षेनंतर त्याला कायद्याची गरज राहिली नाही. तो गावी परतला, जिनिंग फॅक्टरी काढली आणि पुढे वर्षानुवर्षे आपले खटले या दोघा मित्रांत वाटत राहिला. शेवटच्या परीक्षेत हरिहरला मोरोपंतांपेक्षा दोन मार्क जास्त पडले होते. पंचवीस वर्षांत पुष्कळ गोष्टी हरवल्या, प्रांताचे नावसुद्धा तीनदा बदलले. ते दोन मार्क मात्र मोरोपंतांनी जिवापाड सांभाळले होते.

त्यानंतर हरिहरने अकोल्यात रामदासपेठेत बंगला बांधला. मग मोटार घेतली. मग परमिट काढले. परमिटाचे दुःख सर्वांत मोठे होते. राज्यात दारूबंदी होती, पण 'प्रकृतीसाठी आवश्यक' असे डॉक्टरने लिहून दिले की सरकार नाइलाजाने परवाना देई. हरिहरला कशाकरता दिले, असे विचारले तर तो छातीवर हात ठेवून नसांचे काहीतरी आहे असे मोघम सांगे. मोरोपंतांनी दारूचा थेंब कधी तोंडात घेतला नव्हता व घ्यायचाही नव्हता, पण तेही एकदा अंबापेठेतल्या डॉक्टरांपुढे शर्ट काढून बसले. डॉक्टरांनी पाऊण तास ठोकून, ऐकून, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि आनंदाने सांगितले की वकीलसाहेब, तुम्हाला काहीएक झालेले नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मोरोपंत घरी येऊन पडून राहिले. आजारपणातही हरिहर पुढे गेला होता.

चौसष्ट सालच्या संक्रांतीला देवीदासची जीप मोरोपंतांच्या दाराशी थांबली. देवीदास नुकताच इटलीहून आला होता. अकोल्याच्या बाहेर त्याची सूतगिरणी उभी राहायची होती आणि तिच्या यंत्रांसाठी तो महिनाभर तिकडे हिंडला होता. तिळगूळ घेऊन झाल्यावर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली टेबलावर ठेवली.

"हे तुह्याकरता. हरिहरले बी एक देल्ली काल. आखजीले त्याच्या घरी तिघंबी बसू, तवाच फोडू. तवरक हात लावू नको."

आखजी म्हणजे अक्षय्यतृतीया, चार महिने दूर. मग देवीदासने खरी गोष्ट काढली. गिरणीला एक कायमचा वकील लागणार होता. तो या दोघांपैकी एक असणार हे नक्की, पण कोण ते त्याचे अजून ठरले नव्हते. तेही आखजीलाच सांगेन, म्हणाला. तेवढ्यात मोरोपंतांचे पक्षकार आले, देवीदास उठला, आणि बाटलीबद्दल जे सांगायचे ते त्याच्या तोंडातच राहिले.

पक्षकार गेल्यावर मोरोपंतांनी दार लोटून बाटली उघडी केली. उंच, सरळ खांद्यांची, काळपट हिरवी बाटली. मानेवर एक वाटोळी चिठ्ठी, तीत काळा कोंबडा, भोवती सोनेरी कडे. खाली 'Chianti Classico Riserva' अशी अक्षरे आणि १९५५ हा आकडा. "चियांटी," ते मोठ्याने वाचून पाहू लागले.

प्रमोदिनीबाई पदराला हात पुशीत आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोंबड्याचा अर्क आहे का हा?"

मोरोपंतांनी सांगितले की ही द्राक्षाची असते.

"मग द्राक्षाचं चित्र काढायला काय झालं होतं?"

मोरोपंतांनी बाटली फिरवून द्राक्ष शोधले. कोंबडा स्वयंपाकघराच्या बाजूला फिरकता कामा नये एवढे मात्र ठरले, म्हणून बाटली कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटात, जुन्या निकालांच्या जाड खंडांमागे गेली. परमिट नसलेल्या वकिलाच्या घरात ती सापडती तर काय कलम लागले असते ते त्याच कपाटात तिच्या पुढच्याच एका खंडात छापलेले होते. तरीही मोरोपंत बारा दिवस सुखात होते. हरिहरला दारू नाहीतरी परमिटावर दुकानातून मिळतेच, त्याला दिली ती रीत म्हणून, देवीदासने खास आणली ती आपल्याला, असे त्यांनी मनाशी धरले आणि कोर्टात जाताना ते शीळ घालू लागले.

तेराव्या दिवशी त्यांची अकोल्याला तारीख होती. अकोल्याला गेले की ते हरिहरकडेच उतरत. न उतरावे तर हरिहरला वाटेल हा जळतो.

हरिहरच्या दिवाणखान्यात काचेचे एक कपाट होते. त्यात तो बक्षिसाचे कप, एक हस्तिदंती हत्ती आणि स्वतःचा गाऊन घातलेला फोटो ठेवी. मोरोपंतांनी चपला काढल्या आणि वर पाहिले. हत्तीच्या शेजारी एक बाटली होती. गोल, पोटाळ, बाळसेदार, आणि कमरेपासून खाली सोनेरी गवताने सुबक विणून मढवलेली. गवताचाच गोफ, गवताचाच कान. जशी एखादी लेक नटवून उभी केलेली.

अमरावतीच्या माणसाला गवताचा अर्थ सांगावा लागत नाही. मोर्शीकडची संत्री निघाली की मुंबईला जाणारा पहिल्या नंबरचा माल करंडीत गवताच्या थरांत निजून जातो. डागी, आंबट, हातगाडीवरचा माल उघडा जातो. जी वस्तू गवतात बांधली ती वरची, ही गोष्ट मोरोपंतांना मुळाक्षरांच्या आधी कळली होती.

"कशी आहे?" हरिहरने विचारले.

"चियांटीच ना," मोरोपंत शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाले. "माझ्याकडेही आहे."

"कियांती," हरिहर म्हणाला. "ते लोक कियांती म्हणतात."

मोरोपंतांना वाटले, हा आता माझे उच्चारही सुधारणार.

त्या दिवशी कुंदावहिनींनी वांग्याचे भरीत केले होते आणि ज्वारीच्या भाकरी. मोरोपंतांनी अर्धी भाकरी ताटात टाकली. तब्येत बरी नाही का, असे वहिनींनी विचारल्यावर हरिहर म्हणाला की त्याला काही होत नाही, डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मोरोपंतांनी अंगाला लावून घेतले नाही असे दाखवले. हात धुऊन येताना त्यांनी सहज म्हणून काचेशी जाऊन गवताच्या वरची चिठ्ठी वाचली. साल १९६२. तीत कोंबडा नव्हता. नुसते 'Chianti', पुढे काही शेपूट नाही.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी पूर्ण खटला उभा केला. पुरावा क्रमांक एक, गवत. पुरावा क्रमांक दोन, साल: हरिहरची ताजी, आपली नऊ वर्षे कुठेतरी धूळ खात पडलेली. पुरावा क्रमांक तीन, ती 'रिझर्वा' ही अक्षरे. इंग्रजी जाणणाऱ्याला अर्थ उघड होता. रिझर्व्ह म्हणजे बाजूला ठेवलेली; आणि माल बाजूला केव्हा ठेवतात? खपला नाही म्हणजे. दुकानदाराने पंचावन्न सालापासून बाजूला टाकलेली बाटली देवीदासच्या गळ्यात मारली आणि देवीदासने ती कुणाला द्यायची ते ओळखून दिली. पुरावा क्रमांक चार, कोंबडा. ज्याच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, त्याला कोंबडा! बडनेरा आले तेव्हा निकालही हातात होता: गिरणीचा वकील हरिहर होणार. बाटल्यांनी आधीच सांगून टाकले होते, आखजीला फक्त वाचून दाखवायचे बाकी होते.

"गवतात बांधून दिली त्याला," त्यांनी घरी येताच प्रमोदिनीबाईंना सांगितले.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग?"

त्यात पुढे काय, हे बाईंना कळले नाही. मोरोपंत मात्र आठ रात्री तळमळले, आणि नवव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. आखजीला देवीदास पाहील तेव्हा गवतातली बाटली आपल्यापुढे असली पाहिजे. माणसाचा निर्णय डोळ्यांवरून होतो. ज्याच्यापुढे वरची बाटली तोच वरचा, हे देवीदासच्या मनात आपोआप उतरेल. आणि न उतरले तरी निदान ती बाटली हरिहरच्या हत्तीशेजारी तरी असणार नाही.

फेब्रुवारीच्या तारखेला त्यांनी कोंबड्याची बाटली काळ्या गाऊनमध्ये गुंडाळली, गाऊन पिशवीत घातला आणि पिशवी मांडीवर घेऊन बडनेऱ्याला गाडीत बसले. समोर एक पोलीस हवालदार येऊन बसला. त्याने पिशवीत काय असे विचारले नाही. मोरोपंतांनी आपणहून सांगितले की गाऊन आहे. हवालदार म्हणाला, असेल. अकोल्यापर्यंत मोरोपंतांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

हरिहरपुढे त्यांनी बाजू मांडली ती अशी. प्रमोदिनीला कोंबडा चालत नाही. घरात देव आहेत, सोवळे आहे. बाटली पुस्तकांत ठेवली तर ती त्या खोलीत केर काढायला येत नाही. उलट तू डॉक्टरच्या सांगण्यावरून का होईना, रोज सकाळी अंडे खातोस. जो अंडे खातो त्याला कोंबड्याच्या चित्राची हरकत घेता येत नाही. तो त्या घराण्याशी आधीच संबंध जोडून बसला आहे. तेव्हा कोंबडा इकडे आणि गवत तिकडे, हे न्यायाला धरून होईल.

हरिहर बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला. म्हणाला, देवीदासने दिलेली वस्तू, अशी बदलावी का? कुंदाला ती गवताची फार आवडते. शिवाय हत्तीशेजारी शोभतेही. मोरोपंतांनी पुन्हा अंड्यापासून सुरुवात केली. असे दोन तास चालले. कुंदावहिनी दोनदा चहा देऊन गेल्या. शेवटी हरिहरने सुस्कारा सोडला आणि उठून कपाट उघडले.

"ने बाबा. तुझ्या घरातलं सोवळं माझ्यामुळे मोडायला नको. पण पुढे म्हणू नकोस, हरिहरने फसवलं."

"मी कशाला म्हणू?" मोरोपंत म्हणाले. आपण फसवले हे इतके उघड असताना हा असे का म्हणतो, याचे त्यांना मनातून हसू आले.

गवतातली बाटली अंबापेठेत घरी आली तेव्हा प्रमोदिनीबाईंनी ती हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिली. विणकाम चांगले आहे म्हणाल्या. ती पुस्तकांत ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. पुढे उन्हाळा होता, आणि द्राक्षाचा रस म्हणता तर तो नासेल, एवढा त्यांचा साधा हिशेब. माजघराच्या कोपऱ्यात माठाखाली ओल्या वाळूचा ओटा होता. लिंबे, कोथिंबीर, विड्याची पाने तिथे आठ आठ दिवस टवटवीत राहत. त्या वाळूत त्यांनी बाटली मानेपर्यंत पुरली. मोरोपंत सकाळ-संध्याकाळ पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन तिचे डोके पाहून येत.

अकोल्याला मात्र कोंबड्याची बाटली हत्तीशेजारी, काचेमागे, पश्चिमेच्या खिडकीसमोर उभी होती. हरिहरला वस्तू दाखवायची हौस होती आणि अकोल्याच्या उन्हाला ती पाहायची.

आखजीला पारा एकशे सोळा फॅरनहाइटवर गेला होता. मोरोपंत सकाळच्या गाडीने, पिशवीत गाऊन आणि गाऊनमध्ये गवत घेऊन आले. आमरस, पुरणपोळी, कुरडया असे जेवण झाले. देवीदास तेल्हाऱ्याहून जीपने धुळीत माखून आला होता. तो जेवून आडवा झाला. चार वाजता कुंदावहिनींनी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारले, सरबताचे तीन काचेचे पेले मांडले आणि त्या आतल्या दारात उभ्या राहिल्या. मोरोपंतांनी आपली बाटली आपल्यापुढे ठेवली, गवताचा कान नीट केला आणि ती जरा देवीदासकडे वळवून ठेवली. हरिहरने कपाटातून कोंबडा काढून आपल्यापुढे ठेवला.

देवीदासने एकीकडे पाहिले, मग दुसरीकडे.

"काहून रे? हे इकडं कशी आली?"

"मोरोपंताने दिली," हरिहर म्हणाला. "बदलून."

"मोरोपंत, हे खरं हाय?"

मोरोपंत हाव म्हणाले. अमरावतीत ते 'हो' म्हणत, पण आता तोंडून देवीदासचा शब्द निघाला.

देवीदास मांडी घालून बसला आणि समजावू लागला. "पाय, कापसाचं कसं असते? पह्यली वेचणी, दुसरी वेचणी, आन् शेवटी झाडाले जे राह्यते ते फरदड. तिकडं बी तसंच. गवतातली म्हंजे नुसती कियांती. त्या मुलखात कुठूनबी द्राक्षं आना, दाबा, भरा, वर्षा-दोन वर्षात पिऊन टाका. मले ते टेशनावर भेटली. तिच्या वर क्लासिको. तिले मधातल्या जुन्या, असल गावाइतलीच द्राक्षं पाह्यजे, बाहेरचा दाना चालत नाई. तिले काळा कोंबडा लावतेत. आन् त्यातला बी निवडक माल लाकडाच्या पिपात वर्सन्‌वर्स निजवतेत, ते रिझर्वा. तिच्या कोंबड्याले सोन्याचं कडं असते. ते मले यंत्रवाल्या मालकानं सोताच्या तळघरातून काढून देल्ली. एकच होती."

वाळ्याचा पडदा ठिबकत होता. मोरोपंतांच्या डोक्यात चार पुरावे एकामागून एक आपापल्या खुर्चीवरून उठून समोरच्या पक्षाकडे जाऊन बसले.

"मग हे गवत?" त्यांनी विचारले. बुडत्या पक्षकाराचा शेवटचा प्रश्न असतो तसा तो होता.

"अरे, तिले बूडच नाई ना बाप्पा. खालून गोल राह्यते. उभी राह्यत नाई, म्हनून गवताची चुंबळ. त्या बाटलीले तिकडं नावच हाय, फियास्को म्हनतेत."

तिघेही कॉलेजात इंग्रजी शिकलेले होते. तो शब्द इंग्रजीत जाऊन काय झाला आहे हे तिघांनाही ठाऊक होते. फजिती. हरिहर खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर काही नव्हते, ऊन होते.

देवीदास मात्र हसला नाही. तो मोरोपंतांकडे असा पाहत होता की मोरोपंतांना गुडघे पोटाशी घ्यावेसे वाटले. तो सांगू लागला की नागपूरला त्याला टायफाइड झाला तेव्हा अकरा दिवस मोरोपंत उशाशी बसला होता, हे तो विसरला नव्हता. म्हणून वरची बाटली त्याने मोरोपंताला दिली. पण गिरणीचे ते वेगळे. गिरणीसाठी कोण, हे काल रात्रीपर्यंत त्याला ठरवता येत नव्हते.

"आता ठरलं," देवीदास म्हणाला. "जो आपली पह्यली वेचणी दोस्ताले देते आन् सोता फरदड घेऊन येते, आन् वरतून तोंडानं काई सांगत नाई, त्याच्या हाती कागद द्याले भेव नाई. मोरोपंत, गिरणीचा वकील तू."

आतल्या दारात कुंदावहिनींच्या बांगड्या वाजल्या. हे वाक्य ऐकण्यासाठी मोरोपंतांनी पंचवीस वर्षे वाट पाहिली होती. आता एकच गोष्ट व्हायची होती. हरिहरने तोंड उघडून अंडे, सोवळे आणि ते दोन तास सांगून टाकले की हे वाक्य परत जाणार. मोरोपंतांनी हरिहरकडे पाहिले. हरिहरनेही त्यांच्याकडे पाहिले, चांगले दोन मार्क मोजून होतील इतका वेळ.

"योग्य निवड आहे," हरिहर म्हणाला. "त्याने फार आग्रह केला. मी नाही नाही म्हणत होतो."

यात एक अक्षर खोटे नव्हते.

मग बुचे निघाली. आधी गवतातली. पेल्यात ती गुलबक्षी लाल उतरली. देवीदासने घोट घेतला आणि मान डोलावली. वाळूने तिचे काही बिघडू दिले नव्हते. मोरोपंतांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. तुरट होती, जराशी जांभळासारखी, आणि वाईट नव्हती. मग कोंबडा उघडला. देवीदासने पेला नाकाशी नेला आणि तो तिथेच थांबला.

"ठेवली कुठं होती, हरिहर?"

हरिहरने कपाट दाखवले, मग खिडकी. देवीदास कपाळाला हात लावून म्हणाला की गेली, शिरका झाला. अकोल्याच्या उन्हात लोखंड आंबते, ही तर द्राक्षं. फेकून दे, म्हणाला.

म्हणजे हिशेब असा झाला: मित्राचे प्रेम मोरोपंतांचे, गिरणी मोरोपंतांची, आणि पिण्याजोगी दारूही मोरोपंतांचीच. हरिहरच्या वाट्याला एक पेला शिरका आला होता. पण हरिहरने तो फेकला नाही. तक्क्याला टेकून, डोळे अर्धे मिटून, तो आपला पेला घोटघोट पिऊ लागला. तोंड वाकडे केले नाही.

मोरोपंत आपला पेला हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. आंबलेली होती, मान्य. पण ती जुन्या असल गावांतली आंबलेली होती. नऊ वर्षे पिपात निजून मग आंबलेली होती. त्या आंबटात खाली कुठेतरी सोन्याचे कडे असलेच पाहिजे, आणि ते या क्षणी हरिहरच्या जिभेवर होते. त्यांच्या स्वतःच्या पेल्यात काय होते? स्टेशनवरची.

"मला एक घोट दे," ते शेवटी म्हणाले.

"नको," हरिहर म्हणाला. "तुला बाधेल. माझं परमिट आहे."

संध्याकाळच्या गाडीला हरिहर त्यांना मोटारीने स्टेशनवर सोडायला आला. देवीदास तेल्हाऱ्याला निघून गेला होता. फलाटावर अजून अंगाला झळ लागत होती. मोरोपंतांच्या पिशवीत रिकामी गवताची बाटली होती. प्रमोदिनीबाईंनी परत आणायला सांगितली होती. मोरोपंतांना एकच गोष्ट टोचत होती, आणि ती पहिल्या दिवशी टोचायला हवी होती.

"तुला 'कियांती' कुणी सांगितलं?"

"माझ्या डॉक्टराने," हरिहर म्हणाला. "परमिटाचा डॉक्टर रे. गोव्याचा आहे. देवीदास देऊन गेला त्याच संध्याकाळी मी त्याला बाटली दाखवली. त्याने नाव वाचलं, दर्जे सांगितले, कोंबडा सांगितला. म्हणाला, ही साधी आहे. मग तू येऊन म्हणालास, माझ्याकडेही आहे. पुढच्या खेपेला गाऊन सोडलास, आणि आत सोन्याचं कडं."

"मग दोन तास नाही नाही का म्हणत होतास?"

"लगेच हो म्हटलं असतं तर तू दिली असतीस का?"

गाडी आली. मोरोपंत आत बसले. हरिहर खिडकीशी आला आणि गजांवर हात ठेवून उभा राहिला. गिरणीबद्दल त्याने अभिनंदन केले आणि म्हणाला, "मी मात्र रात्रंदिवस त्या कपाटाकडे बघत होतो. देवीदासने ती तुला दिली होती, हेच मला दिसायचं. म्हणूनच उन्हातून हलवली नाही. हलवली असती तर दिसली नसती."

गाडी सुटली.

घरी प्रमोदिनीबाईंनी सगळे ऐकून घेतले, गिरणीचे ऐकून देवापुढे साखर ठेवली आणि बाटली धुवायला घेतली. गवत पाण्यात भिजले, सुटले, आणि आतून साधी हिरवट काच निघाली. ती त्यांनी फरशीवर उभी करून पाहिली. बाटली आडवी झाली आणि घरंगळत मोरोपंतांच्या पायाशी येऊन थांबली. तेल ठेवायच्याही कामाची नाही, असे म्हणून बाई आत गेल्या.

मोरोपंतांनी ती उचलून भिंतीला टेकवली. मग टेबलाशी गेले आणि त्यांनी हरिहरला कार्ड लिहिले. प्रकृती, ऊन, कुंदावहिनींच्या हातचा आमरस, असे सर्व लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत सहज म्हणून विचारले की ती कोंबड्याची रिकामी बाटली अडगळीत टाकणार असशील तर प्रमोदिनीला तेलासाठी हवी आहे. तिला बूड चांगले आहे, आणि आता कोंबड्याची फारशी हरकत नाही.

उत्तर चौथ्या दिवशी आले. हरिहरचे अक्षर कॉलेजापासून मोरोपंतांपेक्षा चांगले होते.

'बाटली हत्तीशेजारी आहे. रिकामी आहे हे लांबून कळत नाही. येणारे-जाणारे विचारतात, तेव्हा मोरोपंताने दिली असे सांगतो. फुकट देता येणार नाही. पण बदलून पाहिजे असेल तर कळव. तुझ्याकडे गिरणी आहे.'

मोरोपंतांनी ते कार्ड तीनदा वाचले. 'नाही' हा एक शब्द लिहून टपालात टाकायला त्यांना पुढे सहा दिवस लागले.